कढईतलं तेल, इंजिनातलं तेल

भांडुप आणि मुलुंडच्या मधलं नाहूर हे धीम्या लोकलचं स्टेशन. पश्चिमेला एकेकाळचा कारखान्यांचा पट्टा. त्यातला व्हिलेज रोडवरचा सिएट टायरचा कारखाना सगळ्यांच्या ओळखीचा. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या बऱ्याच जुन्या कंपन्यांच्या जागी आता टॉवर उभे आहेत. पूर्वेला द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. या पट्ट्यात रोज दोन प्रकारचं काळं तेल तयार होतं. एक वडापावच्या गाडीवर, फरसाणवाल्याकडे, उडपी हॉटेलच्या मुदपाकखान्यात. दुसरं गॅरेजमध्ये, जेव्हा मेकॅनिक इंजिनाखालचा नट सैल करतो आणि जुनं ऑइल ट्रेमध्ये उतरतं.

डब्यात भरून शेजारी शेजारी ठेवली तर लांबून दोन्ही सारखीच दिसतात. दाट, काळपट, टाकाऊ. त्यामुळे डिझेलचे भाव चढले की एक प्रश्न हमखास निघतो: हे जळकं तेल गाळून, त्यात काहीतरी मिसळून घरच्या घरी डिझेल का बनवू नये? परदेशात लोक करतात असंही कोणीतरी सांगतं. ते खोटं नाही. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन बनवणाऱ्याला इंधनावरचं उत्पादन शुल्क भरावं लागत नाही. त्याआधी, २००२ मध्ये, वेल्समधल्या लानेली गावात बरेच गाडीवाले सुपरमार्केटमधलं स्वस्त खाद्यतेल डिझेलच्या टाकीत ओतून गाड्या चालवत होते. शुल्क बुडवलं म्हणून अधिकाऱ्यांनी रस्त्यात थांबवून त्यांच्या टाक्या तपासल्या होत्या.

म्हणजे खाद्यतेलावर डिझेल इंजिन चालतं. पण ‘जळकं तेल’ या एका नावाखाली आपण ज्या दोन वस्तू एकत्र करतो, त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की दोन्ही वाया जातात.

आधी कढईतलं तेल घेऊ. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, पाम, कोणतंही असो, रचना एकच. तेलाचा प्रत्येक रेणू दाताळ्यासारखा असतो: मागे ग्लिसरीनची छोटी आडवी पट्टी आणि तिला जोडलेले स्निग्धाम्लांचे तीन लांब दात. या आकारामुळे तेल दाट असतं. डिझेलच्या तुलनेत त्याचा दाटपणा दहा पटींच्या आसपास भरतो. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि तिच्यात इंधनाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सगळा खेळ त्या फवाऱ्याचा. तेल दाट असेल तर फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतात, ते अर्धवट जळतात, इंजेक्टरच्या तोंडावर आणि पिस्टनच्या रिंगांमध्ये कोळसा धरतो. अधूनमधून दोन लिटर ओतणाऱ्याला फरक कळत नाही. काही महिन्यांनी इंजिन खोललं की कळतो.

खुद्द रुडॉल्फ डिझेलला ही शक्यता ठाऊक होती. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. ही मागणी फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींमध्ये भुईमूग मुबलक पिकत होता, कोळसा आणि खनिज तेल मात्र बाहेरून न्यावं लागे. इंजिन इतकं सुरळीत चाललं की इंधन वेगळं आहे हे फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही, अशी आठवण डिझेलने पुढे १९१२ मध्ये सांगितली. आपल्याकडे दरवर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिन साजरा होतो, आणि १८९३ मध्ये त्याच तारखेला डिझेलने शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं असं सरकारी पत्रकांतही छापलं जातं. ते बरोबर नाही. त्या दिवशी ऑग्सबर्गला त्याच्या पहिल्या इंजिनात प्रथम स्फोट झाला, पण इंधन खनिज तेलातलंच होतं. शेंगदाण्याचा मान सात वर्षांनंतरच्या पॅरिसचा.

दाटपणाचं कोडं सुटायला आणखी काही दशकं लागली. १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शव्हान यांनी पाम तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून पातळ इंधन बनवण्याचं पेटंट घेतलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लुव्हाँ या मार्गावर एक प्रवासी बस त्यावर धावली. आज ज्याला आपण बायोडिझेल म्हणतो, ते तत्त्वतः तेच आहे.

युक्ती अशी की दाताळ्याचे तिन्ही दात मागच्या पट्टीपासून सोडवायचे. त्यासाठी मिथेनॉल हे सर्वांत साधं अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश लागतं. कॉस्टिक तोडायचं काम करतं, आणि सुटलेल्या प्रत्येक दाताच्या टोकाला मिथेनॉलचा एक रेणू बसतो. झालं मिथाइल इस्टर, म्हणजे बायोडिझेल. मोकळी झालेली ग्लिसरीनची पट्टी जड असल्याने तळाला बसते. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागतं आणि जवळजवळ १०० लिटरच इंधन मिळतं. त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळपास असतो. गंधक जवळजवळ नसतं. ते डिझेलपेक्षा उशिरा पेट घेतं, म्हणून साठवायला सुरक्षित. लिटरमागे ऊर्जा आठ-दहा टक्क्यांनी कमी, एवढंच उणं.

कागदावर हे इतकं सोपं आहे. मात्र ताज्या तेलात आणि कढईतून निघालेल्या तेलात फार अंतर पडलेलं असतं.

गाडीवर वडा तेलात सोडला की आधी जोराचा चरचराट होतो. बटाट्याच्या सारणातलं आणि पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. तीच वाफ तापलेल्या तेलातल्या काही दाताळ्यांचे दात मोडते आणि सुटी स्निग्धाम्लं तयार होतात. वरून हवेतला ऑक्सिजन काम करतो. त्यातून कुबट वासाचे आणि आरोग्याला घातक पदार्थ बनतात. तिसरी क्रिया म्हणजे रेणू एकमेकांना चिकटत जाणं. कढईच्या काठाला जो तपकिरी, चिकट, घासूनही न निघणारा थर बसतो तो याचाच. तेल काळं पडतं, फेसाळतं, कमी तापमानालाच धुरावतं. या सगळ्या बिघाडाचं एकत्रित मोजमाप म्हणजे ‘एकूण ध्रुवीय संयुगं’. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. हातात धरायची मीटर मिळतात. कांडी गरम तेलात बुडवली की आकडा दिसतो.

बायोडिझेल बनवणाऱ्याला मुख्य भीती सुट्या स्निग्धाम्लांची. कॉस्टिक त्यांच्याशी आधी जुळतं आणि साबण बनतो. साबण झाला की ग्लिसरीन आणि इंधन वेगळं व्हायलाच तयार नसतं; सगळ्याचा मिळून एक पिवळट लगदा होतो. म्हणून प्रत्येक डब्यातलं तेल तपासावंच लागतं. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात फिनॉल्फथेलिनचे दोन थेंब टाकायचे आणि एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा असलेलं द्रावण थेंबाथेंबाने सोडत राहायचं. गुलाबी रंग येतो, ढवळलं की जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. जेव्हा तो अर्धा मिनिट टिकतो तेव्हा थांबायचं. जितके मिलिलिटर द्रावण लागलं तितके ग्रॅम कॉस्टिक, लिटरमागे, नेहमीच्या साडेतीन ग्रॅममध्ये वाढवायचे. फिनॉल्फथेलिनच्या जागी हळदीचा अर्कही चालतो, कारण अल्कात हळद लाल होते; चुना किंवा सवागी घालून हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. आकडा फार मोठा आला तर हा रस्ता बंद. मग आधी आम्लाच्या साहाय्याने स्निग्धाम्लांचंच इस्टर करून घ्यावं लागतं आणि नंतर कॉस्टिकची पायरी येते.

त्याआधी तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी काढायचं. मग कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळवून ते ५५-६० अंशांच्या तेलात मिसळायचं आणि तासभर घुसळत ठेवायचं. रात्रभर स्थिर ठेवलं की सकाळी भांड्यात दोन थर दिसतात: वर मधासारख्या रंगाचं पारदर्शक इंधन, खाली काळपट दाट ग्लिसरीन. खालचा थर तोटीने सोडून द्यायचा, वरचं इंधन पाण्याने धुऊन साबण आणि मिथेनॉल काढायचं, पुन्हा वाळवायचं. काम पुरं झालं की नाही याची एक झटपट परीक्षा आहे. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर इंधन टाकायचं. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर दाताळी अजून शिल्लक आहेत.

इथवर वाचून कोणाचेही हात शिवशिवतील, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हा प्रयोग प्रत्येक महाविद्यालयाने करावा इतका तो सुंदर आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, तेलांच्या तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे. मुंबईत या विद्येची वाण नाही. पण चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या गच्चीवर किंवा गाळ्याच्या मागे हे करू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण मिथेनॉल.

मिथेनॉलची या शहराला ओळख आहे. २००४ च्या अखेरीस विक्रोळीत, नाहूरपासून तीन स्टेशनं अलीकडे, विषारी दारूने ८७ माणसं मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. मालवणीच्या दारूत मिथेनॉलच होतं. हा द्रव दिसायला आणि वासाला साध्या अल्कोहोलसारखा. शरीरात गेला की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते आधी डोळ्यांच्या नसा मारतं आणि मग माणूस. तो पिण्याचीच गरज नाही. कातडीतून आणि श्वासावाटेही शरीरात जातो. ६५ अंशांना उकळतो आणि आपल्या नेहमीच्या उन्हाळी तापमानाला त्याची वाफ ठिणगीवर पेट घेते. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही, म्हणून आग लागली आहे हे जवळच्या माणसाला भाजल्यावर समजतं. बायोडिझेलच्या कृतीत हाच द्रव त्याच्या उत्कलनबिंदूच्या अगदी जवळ तापवावा लागतो. महाराष्ट्रात त्याच्या साठ्यावर आणि विक्रीवर परवान्याचं बंधन आहे ते उगाच नाही. शिवाय इंधन धुतल्यावर निघालेलं साबणाचं पाणी आणि मिथेनॉलयुक्त ग्लिसरीन उरतं. घरगुती कारागिराकडे ते ओतायला गटाराशिवाय जागा नसते, आणि नाहूरची गटारं डोंगराकडून पूर्वेला वाहत ठाण्याच्या खाडीत जातात. ती खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर पाणथळ.

आता गॅरेजमधलं तेल. हे खनिज तेल आहे. त्यात ग्लिसरीनची पट्टी नाही, दात नाहीत, तोडण्याजोगा सांधाच नाही. मिथेनॉल आणि कॉस्टिक ओतून कितीही घुसळलं तरी त्याचं बायोडिझेल होणार नाही. मिथेनॉल मात्र वाया जाईल. इंजिन ऑइल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या आणि त्यात मिसळलेली पूरक रसायनं. झीज रोखायला जस्त, फॉस्फरस आणि गंधकाचं एक संयुग असतं, आम्लता मारायला आणि इंजिन आतून स्वच्छ ठेवायला कॅल्शियमचे क्षार असतात. हजारो किलोमीटर धावल्यावर त्यात काजळी, धातूचा बारीक कीस, पाणी आणि न जळलेलं इंधन येऊन मिसळतं. म्हणून ते काळं.

तरीही जळकं ऑइल कापडातून गाळून, डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून जुन्या जनरेटरमध्ये, पंपात जाळणारे लोक जगभर आहेत. जुनं, ठोकळेबाज इंजिन ते काही काळ सहन करतं. पण कापडातून काजळी जात नाही आणि विरघळलेलं जस्त तर कोणत्याच गाळणीत अडकत नाही. जळाल्यावर या धातूंची राख होते. ती सिलिंडरमध्ये बसते, उरलेली धुरातून बाहेर पडते आणि शेजाऱ्यांच्या छातीत जाते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आहे, त्यात गंधक दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. आजच्या डिझेल गाड्यांच्या इंजेक्टरमध्ये वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून इंधन फवारलं जातं, आणि धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते. अशा गाडीत जळकं ऑइल गेलं तर छिद्रं आणि जाळी दोन्ही जातात. दुरुस्तीच्या बिलात वाचवलेल्या डिझेलच्या कित्येक पट पैसे जातात.

खनिज तेलाच्या साखळ्या मोडून डिझेलसारखं इंधन काढता येतं, हेही खरं. हवा बंद करून ४०० अंशांच्या आसपास तापवलं की त्या तुटतात. पण हे काम बंद भट्टी, दाब, वायू आणि आगीचं आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात याच तत्त्वावर जुने टायर तापवून तेल काढणारे कारखाने आहेत, आणि त्यांचा धूर, काजळी आणि अपघात यांच्याविरुद्ध तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. परवाना असलेल्या कारखान्याला जे जमणं इतकं अवघड, ते पत्र्याच्या शेडमध्ये पिंप तापवून करू पाहणाऱ्याने स्वतःच्या जिवाशी खेळ मांडला असं समजावं.

मग या ऑइलचं करायचं काय? त्याचं पुन्हा ऑइलच करायचं. त्याच्या लांब साखळ्या वापराने फारशा तुटत नाहीत. तेल मळतं, संपत नाही. शुद्धीकरण कारखान्यात आधी पाणी आणि हलकं इंधन उडवतात, मग निर्वात पात्रात पातळ थर करून ते कमी तापमानाला ऊर्ध्वपातित करतात आणि शेवटी हायड्रोजनने किंवा शोषक मातीने रंग-वास काढतात. हाती येतं ते नव्यासारखं मूळ वंगण, पुन्हा रसायनं घालून वापरण्याजोगं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा हिशेब बोलका आहे: सुमारे अडीच लिटर वंगण काढायला १५९ लिटर कच्चं खनिज तेल लागतं, आणि तेवढंच वंगण पावणेचार लिटर जळक्या ऑइलमधून मिळतं. इतकी मोलाची वस्तू एकदा जाळून संपवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार जळकं ऑइल घातक वर्गात येतं आणि ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवाना दिलेल्या पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी टाकली आहे; सुरुवात ५ टक्क्यांपासून, पुढे टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्षात छोट्या गॅरेजमधलं ऑइल भंगारवाला किंवा फिरता खरेदीदार लिटरवर घेऊन जातो. पुढे त्यातलं बरंच बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना चोपडलं जातं, म्हणजे काँक्रीट चिकटू नये म्हणून. काही वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात. काही भट्ट्यांमध्ये जळतं. प्लेटांवरचं ऑइल पहिल्या पावसात धुऊन निघतं, आणि नाहूर-मुलुंडमध्ये बांधकामं किती चालू आहेत हे वेगळं सांगायला नको.

कढईतल्या तेलाची फरफट याहून वाईट, कारण ते पुन्हा आपल्या पोटात येतं. मोठ्या हॉटेलात किंवा फरसाणच्या कारखान्यात काळं पडलेलं तेल स्वस्तात विकलं जातं आणि छोट्या गाडीवर नव्या तेलात मिसळून पुन्हा तापतं. गाडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. दिवसाच्या हिशेबात तेल हा त्याचा मोठा खर्च. त्याला डबा ओतून द्या म्हणताना त्या डब्याचे पैसे कोण देणार हेही सांगावं लागतं. जुन्या तेलाला बायोडिझेलवाल्याकडून चांगला भाव मिळाला तर ते कढईत परत जाणार नाही. माझ्या दृष्टीने या इंधनाचं खरं महत्त्व इथे आहे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘रुको’ नावाची योजना त्याचसाठी सुरू केली: वापरलेलं तेल थांबवा आणि इंधनाकडे वळवा. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणं आणि ते नोंदणीकृत संकलकालाच देणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी १० ऑगस्टला सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलाचं बायोडिझेल विकत घेण्याची तयारी दाखवली आणि पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये भाव जाहीर केला. मुंबईच्या परिसरात काम उभंही राहिलं. ऑस्ट्रियाच्या म्युन्झर कंपनीच्या भारतीय शाखेने नवी मुंबईत हॉटेलांतलं तेल गोळा करून बायोडिझेल बनवायला सुरुवात केली. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या कंपनीने मुंबईतल्या आपल्या दुकानांतलं तळणाचं तेल इंधनाकडे वळवून त्यावर मालाचे ट्रक चालवले. मोठ्या साखळ्यांना हे जमतं, कारण तेल एका जागी, एका प्रतीचं आणि ठरलेल्या दिवशी निघतं. नाहूरच्या वडापावच्या गाडीचं तेल रोज लिटर-दोन लिटर. त्यासाठी टेम्पो कोण पाठवणार? अडचण रसायनाची नाहीच. ती गोळा करण्याची आहे.

या इंधनाकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नयेत. देशात वर्षाला २२० कोटी लिटर वापरलेलं खाद्यतेल गोळा होऊ शकतं असा प्राधिकरणाचा अंदाज होता. आपण वर्षाला जवळपास ९ कोटी टन डिझेल जाळतो. सगळं तेल मिळालं तरी ते दोन टक्क्यांच्या आसपास. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे. आजचं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आहे. दरम्यान या काळ्या तेलाला नवं गिऱ्हाईक आलं: विमान. इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन बनवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून १ टक्का, २०२८ पासून २ टक्के असं मिश्रण सरकारने ठरवलं आहे. मागणी वाढेल, भाव वाढेल, आणि त्याबरोबर भेसळही. युरोपात जुन्या तेलाला ताज्याहून जास्त किंमत येऊ लागली तेव्हा ताजं पाम तेलच ‘वापरलेलं’ म्हणून खपवल्याचे संशय निर्माण झाले. आपल्याकडे ‘बायोडिझेल’ नावाच्या पाटीखाली खनिज द्रावकांचं मिश्रण ट्रकवाल्यांना विकणारे अड्डे गुजरात-महाराष्ट्रात पकडले गेले आहेत. खरं बायोडिझेल आयएस १५६०७ या भारतीय मानकाला उतरलेलं असतं आणि विक्रेत्याकडे परवाना असतो. स्वस्त भावाला भुलण्याआधी ट्रकमालकाने हे दोन कागद मागावेत.

नाहूरमध्ये, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, करण्याजोगं काम साधं आहे. घरी पुऱ्या-चकल्यांचं उरलेलं तेल थंड झाल्यावर बाटलीत भरा. मोरीत ओतू नका, आणि त्यात पाणी किंवा दुसरं कोणतंही तेल जाऊ देऊ नका. इंजिन ऑइलचा एक पेला पडला तरी तो सबंध डबा बायोडिझेलला निकामी होतो, आणि उलट खाद्यतेल मिसळलेलं ऑइल शुद्धीकरणवाला नाकारतो. सोसायटीत एक झाकणाचा डबा ठेवला, दिवाळीनंतर तो भरला, की नोंदणीकृत संकलकाला बोलावता येतं; त्यांची यादी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे मिळते. फेरीवाल्यांच्या संघटनांनी गल्लीचं तेल एका जागी जमवलं तर टेम्पो येईल आणि पैसेही देईल. गाडीची सर्व्हिसिंग करताना मेकॅनिकला विचारा की जुनं ऑइल कोण नेतो. आणि वडापावच्या गाडीवर तेल फेसाळताना दिसलं, तर दादांना सांगा की हे तेल विकत घेणारे लोक आहेत.